चार गोळ्यांचं किट आणि परत आलेला वास

पत्र :

डॉक्टरबाई, नमस्कार. मी ३३ वर्षांची, एसटीत वाहक आहे. एक मुलगी, पाच वर्षांची. तिच्यानंतर तांबी बसवली. गेल्या आठ महिन्यांत तिसऱ्यांदा अंगावरून पातळ, राखाडी-पांढरं जातंय. खाज फारशी नाही, पण वास येतो, सुक्या बोंबलासारखा. पाळी संपली की आणि आमचा संबंध आला की जास्त. पहिल्या दोन्ही वेळा मेडिकलवाल्याला लाजत लाजत सांगितलं, त्यानं चार गोळ्यांचं किट दिलं, एका दिवसात घ्यायचं. आठवड्यात बरं वाटलं, दीड-दोन महिन्यांत परत तेच. सासूबाई म्हणतात उष्णता आहे, सब्जा पी. जाऊबाईंनी तुरटीच्या पाण्यानं आतून धुवायला सांगितलं, तेही केलं. मोबाइलवर बघितलं तर गोळ्या, जेल, क्रीम, बोरिक, डोकंच फिरलं. यातलं सगळ्यात पॉवरफुल कुठलं ते सांगा, एकदाच घेऊन टाकते. आणि खरं सांगा, हे यांनी बाहेरून आणलंय का? तपासायला जायचं तर रजा टाकावी लागेल, अर्जात कारण काय लिहू? आमचे साहेब पुरुष आहेत. तिकीट द्यायला वाकले की वाटतं, या माणसाला वास आला असेल.

— एक वाहक, सोलापूर जिल्हा

उत्तर :

ताई, आधी तुमच्या शेवटच्या वाक्याचं बघू. धावती गाडी, उघड्या खिडक्या, डिझेलचा वास, घामाचा वास, कुणाच्या तरी पिशवीतली मेथी. त्यात तुमचा वास शेजारच्या सीटवर पोचत नाही. तुम्हाला येतो, कारण दिवसभर तुम्ही तोच शोधत असता. तुम्हाला बरं वाटावं म्हणून हे लिहीत नाहीये. तपासायला टेबलावर झोपलेल्या बाईचा वाससुद्धा बहुतेक वेळा मला हातभर अंतरावरून येत नाही.

आता औषध. ‘सगळ्यात पॉवरफुल कुठलं’ हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी कुणी ना कुणी विचारतं, आणि उत्तर देण्याआधी माझ्या तोंडून दुसराच प्रश्न बाहेर पडतो : आतून बघितलं का कुणी? तुमच्या पत्रात मेडिकलवाला आहे, सासूबाई आहेत, जाऊबाई आहेत, मोबाइल आहे. तपासणारं कुणीच नाही. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन खेड्यांमधल्या ६५० बायकांची तपासणी केली आणि ती १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. शंभरातल्या ९२ बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला. त्याआधी कधी आतून तपासणी आणि उपचार झालेल्या बायका होत्या शंभरात ८. त्या खेड्यांत तेव्हा डॉक्टरीण कुठून मिळणार? तुमच्याकडे पगार आहे, गाडीचा पास आहे, तालुक्याला दवाखाने आहेत, आणि तरी तुम्ही तपासणी न झालेल्या उरलेल्या ९२ मध्येच बसून आहात. रागवत नाहीये, पण थोडी रागावलेही आहे.

तुम्ही लिहिलेल्या खुणांवरून माझा अंदाज बॅक्टेरियल व्हजायनोसिसचा आहे. दवाखान्याच्या भाषेत ‘बीव्ही’. पातळ राखाडी पाणी, खाज नसणं, माशाचा वास, आणि तो पाळीनंतर नि संबंधानंतर उसळणं, हे सगळं त्याच दिशेनं बोट दाखवतं. बाहेरून एखादा जंतू शिरला आणि आजार झाला, असं हे प्रकरण नसतं. निरोगी योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू राहतात, विरजणातल्या जिवाणूंचे भाऊबंदच म्हणा. ते आम्ल तयार करून ती जागा आंबट ठेवतात, पीएच साधारण ३.८ ते ४.५ (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट). हे कमी झाले की एरवी कोपऱ्यात बसून असलेली गार्डनेरेला नावाची दुसरी जिवाणू-जात आणि तिचं गणगोत माजतं. आंबटपणा उतरतो, आणि त्यांच्यापासून निघणाऱ्या अमाइन नावाच्या द्रव्यांचा वास सुटतो. रक्त आणि वीर्य दोन्ही आम्लाच्या उलट गुणाचे, म्हणून ते आले की वास वाढतो. उष्णतेचा यात हात नाही. सब्जा खुशाल प्या, उन्हाळ्यात चांगलाच असतो, पण तो पोटात जातो, तिथवर पोचत नाही.

पण माझा अंदाज पत्रावरचा आहे. दह्याच्या चोथ्यासारखं घट्ट जात असेल आणि खाजून जीव नकोसा होत असेल तर ती बुरशी. हिरवट-पिवळं, फेसाळ असेल तर बहुधा ट्रायकोमोनास, आणि तो मात्र संबंधातून लागणारा आजार, त्यात नवऱ्यालाही औषध द्यावंच लागतं. कधी दोन गोष्टी एकत्र नांदतात. म्हणून बघावं लागतं, आणि बघायला पाच मिनिटं लागतात. १९८३ पासून डॉक्टर चार खुणा तपासतात : पाणी पातळ, एकसारखं, भिंतीला लेप दिल्यासारखं आहे का, पीएच ४.५ च्या वर आहे का (कागदाची पट्टी लावायची, बस). पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकल्यावर माशाचा वास येतो का. आणि सूक्ष्मदर्शकाखाली ‘क्लू सेल’ दिसतात का. म्हणजे योनीमार्गाच्या सुट्या पेशी, ज्यांच्यावर जिवाणू इतके चिकटलेले असतात की भोगीची तीळ लावलेली भाकरी आठवते. चारातल्या तीन खुणा जुळल्या की बीव्ही.

तुमच्या किटचं बघू. त्या चार गोळ्या म्हणजे सहसा एक फ्लुकोनाझोल, बुरशीवरची. एक अझिथ्रोमायसिन, क्लॅमिडियासारख्या लैंगिक आजारावरची. आणि दोन सेक्निडाझोल, एकेक ग्रॅमच्या. तुम्हाला गुण आला तो या शेवटच्या दोघींमुळे. बाकी दोन गोळ्या कदाचित विनाकारणच पोटात गेल्या. मी किटला सरसकट शिव्या घालणारी नाही. सरकारी रुग्णालयांच्या सुरक्षा क्लिनिकमध्येही, म्हणजे लैंगिक आजारांच्या दवाखान्यात, पांढरं जाण्यासाठी हिरव्या रंगाचं किट देतात, त्यात सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल असतं. जिथे सूक्ष्मदर्शक नाही आणि बाई पुन्हा येईल याचा भरवसा नाही, तिथे ते शहाणपणाचं आहे. पण तेच किट न तपासता, काउंटरवरून, तिसऱ्यांदा? नको. यातली बहुतेक औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळायला हवीत. मिळतात कशी, ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही.

तुमची यादी आता उलगडते. बीव्हीवर औषधांची मुख्य घराणी दोन. पहिलं मेट्रोनिडाझोलचं, सेक्निडाझोल आणि टिनिडाझोल ही त्याचीच भावंडं. दुसरं क्लिंडामायसिन. गोळी, जेल, क्रीम, कॅप्सूल ही नुसती रूपं.

मेट्रोनिडाझोल म्हणजे आपली जुलाबाची गोळी. तुमच्या घरच्या औषधांच्या डब्यातही असेल. बीव्हीसाठी ती दिवसातून दोनदा, सात दिवस घ्यायची. अमेरिकी पुस्तकांत ५०० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं, आपल्याकडे ४०० ची गोळी चालते, तीही पुरते. चौदा गोळ्या, दोन वडापावच्या पैशात. मी अजून पहिल्यांदा हीच लिहिते. गंमत अशी, की वास तिसऱ्या-चौथ्या दिवशी जातो आणि तिथेच बायका गोळ्या सोडतात, कारण जुलाबात तशीच सवय लागलेली असते. सात म्हणजे सातच. पूर्वी एकदम २ ग्रॅमचा एकच डोस द्यायची पद्धत होती. सात दिवसांइतका गुण येत नाही म्हणून बीव्हीसाठी ती मागे पडली.

त्रास काय होतो? मळमळतं. तोंडाला पितळी भांड्यात कळकलेल्या ताकाची चव येते. लघवी गडद होऊ शकते, घाबरायचं नाही. जेवणानंतर घ्या. पहाटेच्या ड्युटीला नुसत्या चहावर घेऊन घाटातल्या गाडीवर चढलात तर मला दोष देऊ नका. रक्त पातळ करणारं वॉरफरिन किंवा मानसिक आजारावरचं लिथियम चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं.

गोळी सोसत नसेल तर त्याच औषधाचं जेल मिळतं, ०.७५ टक्क्यांचं. रात्री झोपताना नळीनं ५ ग्रॅम आत सोडायचं, पाच रात्री. गुण गोळ्यांच्या बरोबरीचा, आणि पोटाला त्रास कमी. तुमच्या नोकरीत मला हे जास्त सोयीचं वाटतं. फक्त पाळी तोंडावर असेल तर जेल सुरू करू नका, तेव्हा गोळ्या बऱ्या.

क्लिंडामायसिनचं २ टक्क्यांचं क्रीम रात्री एकदा, सात रात्री. हेही पहिल्या फळीतलं औषध. पण ते तेलकट असतं आणि त्यामुळे रबराचा निरोध कमकुवत होतो, औषध चालू असताना आणि संपल्यावर पुढे पाच दिवसांपर्यंत. ज्यांना मेट्रोनिडाझोल चालतच नाही त्यांना क्लिंडामायसिनच्या ३०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल तोंडानं देता येतात, दिवसातून दोनदा सात दिवस. दुकानात आत ठेवायच्या कॅप्सूल सहज मिळतात, त्यात बहुधा क्लिंडामायसिनबरोबर बुरशीवरचं क्लोट्रिमाझोल घातलेलं असतं. नुसती बीव्ही असेल तर त्या दुसऱ्याची गरज नाही.

टिनिडाझोल २ ग्रॅम दोन दिवस, किंवा १ ग्रॅम पाच दिवस. सेक्निडाझोल २ ग्रॅम एकदा. ही सगळी चालणारी औषधं आहेत, दुसऱ्या फळीतली. तेव्हा ‘पॉवरफुल’चं उत्तर असं : नीट घेतली तर यातली कुठलीच दुसरीच्या फार पुढे नाही. तुम्ही एकदाच घेऊन टाकायला निघालात तिथेच गाडी अडते.

कारण हा आजार परत येतो. औषध चांगलं असलं तरी येतो. उपचार झालेल्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींना वर्षभरात पुन्हा होतो. म्हणजे तुमचं काही चुकतंय, तुम्ही अस्वच्छ आहात, डेपोच्या संडासात बसलात म्हणून झालं, असं काही नाही. (डेपोच्या संडासांबद्दल मला बरंच बोलायचं आहे, पण तो लघवीच्या जंतुसंसर्गाचा विषय, कधीतरी त्यावर वेगळं लिहीन.) पाण्याच्या टाकीला आतून शेवाळ चढतं ते आठवा. पाणी बदललं तरी भिंतीवरचा बुळबुळीत थर राहतो, आणि पुन्हा हिरवं होतं. गार्डनेरेला तसाच थर धरून बसते. औषध वरवरचे जिवाणू मारतं, थरातले काही उरतात. आणि आपले आंबट करणारे जिवाणू वेळेत परतले नाहीत तर रिकाम्या घरात पुन्हा तेच पाहुणे.

त्यावर उपाय आहेत. वर्षात तीन-चारदा झालं तर आधी पूर्ण कोर्स, मग मेट्रोनिडाझोलचं जेल आठवड्यातून दोनदा, चार ते सहा महिने. कंटाळवाणं आहे, पण चालतं. बोरिकचंही तुम्ही वाचलंत. बोरिक ॲसिडच्या ६०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल रात्री आत ठेवायच्या, तीन आठवडे, तेही मेट्रोनिडाझोलच्या जोडीला आणि डॉक्टरांच्या नजरेखाली. कॅरमबोर्डावर टाकतो ती बोरिक पावडर रिकाम्या कॅप्सूलमध्ये भरून वापरणारी एक शिकलेली बाई मी बघितली आहे, म्हणून ठळक सांगते : घरी बनवू नका. तोंडानं गेलं तर ते विष आहे, आणि घरात तुमची पाच वर्षांची मुलगी आहे. गरोदरपणात तर वापरायचंच नाही.

आता नवऱ्याचं. इथे मला आधी माझा शब्द मागे घ्यायचा आहे. वीस वर्षं मी बायकांना सांगत आले, बीव्हीत नवऱ्याला औषध नको. ते मनाचं नव्हतं. पुरुषांना नुसत्या गोळ्या देऊन पूर्वी जे अभ्यास झाले त्यांत बायकांना फायदा दिसला नव्हता. २०२५ च्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांचा अभ्यास आला, १६४ जोडप्यांचा, सगळी एकमेकांशीच संबंध ठेवणारी. अर्ध्या जोडप्यांत फक्त बाईला औषध दिलं. उरलेल्या अर्ध्यांत त्याच आठवड्यात पुरुषालाही दिलं : मेट्रोनिडाझोल ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आणि क्लिंडामायसिनचं २ टक्क्यांचं क्रीम लिंगावर, पुढच्या त्वचेखाली, दिवसातून दोनदा, दोन्ही सात दिवस. १२ आठवड्यांत फक्त बाईवर उपचार झालेल्या गटात शंभरात ६३ जणींना पुन्हा झालं, दोघांवर झालेल्या गटात ३५ जणींना. फरक इतका उघड होता की अभ्यास ठरल्याआधीच थांबवला.

तेव्हा तुमच्यासारखीला, परत परत होणारीला, एकच जोडीदार असलेलीला, मी आता दोघांचा उपचार एकाच आठवड्यात करते. तुमच्या डॉक्टरांना हे विचारा. मुरुमांसाठी मिळतं ते क्लिंडामायसिनचं जेल १ टक्क्याचं असतं, त्यावर भागवू नका, झोंबेल. त्या आठवड्यात संबंध नको, पुढे काही काळ निरोध वापरलात तर उत्तम, आणि क्रीम वापरलं असेल तर वर लिहिलेले पाच दिवस मोजा.

मग हे त्यांनी बाहेरून आणलं का? याचा अर्थ तसा होत नाही. जिवाणू दोघांमध्ये ये-जा करतात, एवढंच त्यातून कळतं. आधी कुणाकडे होते, कुठून आले, ते ही तपासणी सांगत नाही, आणि आयुष्यात एकाच माणसाशी संबंध असलेल्या बायकांनाही बीव्ही होते. बीव्हीच्या निदानावरून घरात चौकशी बसवू नका. तुमच्या मनात संशयाला दुसरं काही कारण असेल, तर दोघांची एचआयव्ही आणि इतर लैंगिक आजारांची तपासणी करून घ्या, सरकारी दवाखान्यात ती होते. बीव्ही असताना हे आजार लागण्याची शक्यता वाढते, म्हणून एरवीही मी ती सुचवते.

त्यांना पटवायचं कसं? अनुभव सांगते. पुरुष क्रीमवर अडत नाहीत, दारूवर अडतात. मेट्रोनिडाझोल आणि दारू एकत्र आली की भयंकर उलट्या होतात, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. पाकिटातल्या कागदावर अजून तसंच छापलेलं असतं. अमेरिकेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात, ही भीती पुराव्यावर टिकत नाही. मी तरी सात दिवस नकोच सांगते, औषधानं मळमळतंच, त्यात भर कशाला. पण केवळ शनिवार आला म्हणून ते गोळ्या बुडवणार असतील, तर गोळ्या बुडवू नका म्हणावं.

तुरटीचं पाणी आजपासून बंद. तुरटी, कडुनिंब, डेटॉल, सुवासिक वॉश, लसणाची पाकळी, सगळं बंद. आतून धुतल्यानं आधीच कमी असलेले आपले जिवाणू आणखी वाहून जातात, आणि बीव्ही होण्याचं ते एक ठरलेलं कारण आहे. बाहेरून साधं पाणी पुरे. दहीसुद्धा ताटातच ठेवा. विरजणाचे जिवाणू भाऊबंद म्हटलं खरं, पण ते त्या घरात नांदणारे नव्हेत.

तांबी काढायची घाई नको. तांबी असलेल्या बायकांत बीव्ही थोडी जास्त दिसते, विशेषतः पाळीत रक्त जास्त जात असेल तर. उपचार पूर्ण होऊनही परत परत होत राहिलं, तर गर्भनिरोधनाचं दुसरं साधन घ्यायचं का, ते तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर मात्र आधी सांगा, गरोदरपणात त्रास देणारी बीव्ही अंगावर काढायची नसते, दिवस भरण्याआधी बाळंतपण होण्याशी तिचा संबंध आहे.

आणि ताप, ओटीपोटात दुखणं, संबंधानंतर किंवा दोन पाळ्यांच्या मधे रक्त, यातलं काही असेल तर रजेची वाट बघू नका, त्याच दिवशी जा. ते बीव्हीचं लक्षण नाही. टेबलावर झोपलातच आहात तर गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाची तपासणीही मागून घ्या. तिशीनंतर ती करायचीच असते.

कोर्स संपल्यावर वास गेला तर पुन्हा तपासणीची गरज नाही. वास गेला पण खाज सुटली, तर ती औषधामागून आलेली बुरशी असू शकते. तिचं औषध वेगळं, मेट्रोनिडाझोल लांबवत बसू नका.

रजेच्या अर्जात ‘वैद्यकीय तपासणीसाठी’ एवढे दोनच शब्द लिहा. साहेबांनी काय झालंय विचारलं तर ‘डॉक्टरांनी बोलावलंय’ म्हणा, मी बोलावलंच आहे. पाळी संपून तीन-चार दिवस झाल्यानंतरची तारीख टाका. आदल्या दोन रात्री संबंध नको, आतून धुणं नको, आत औषध ठेवणं नको, नाहीतर पट्टी खोटं बोलते. आणि आधीच्या किटची पाकिटं टाकून दिली नसतील तर पिशवीत घालून घेऊन जा.